झाबुआत फॉर्मॅलिन, इंदूरला स्कॅनर

इंदूरहून संध्याकाळी सुटणाऱ्या अवंतिका एक्सप्रेसमध्ये कुणा ना कुणाच्या पिशवीत बायोप्सीची स्लाइड असतेच, अशी माझी पक्की समजूत आहे. रुमालात गुंडाळलेली, औषधाच्या खोक्यात कापसावर ठेवलेली, एकदा तर चक्क मुलाच्या कंपासपेटीत. रतलाम, वडोदरा, सुरत करत ती सकाळी मुंबईला पोचते आणि तिथून परळला टाटा कॅन्सर रुग्णालयात जाते. सोबत तुकडा मेणात बसवलेला पॅराफिनचा ब्लॉक, घडी पडून फाटत आलेला रिपोर्ट आणि दोन नातेवाईक. पेशंट बरेचदा घरीच असतो. परळला त्यांना विचारायचं असतं ते एवढंच, की इंदूरच्या मॅडमनी लिहिलंय ते बरोबर आहे का?

मी त्या मॅडमपैकी एक. पंचवीस वर्षं इंदुरात पॅथॉलॉजी, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा भिंगाखाली बघून रोग ओळखायचं काम, करते आहे. इथल्या मराठी घरांतही हिंदीच्या संगतीने ‘रिपोर्ट’ स्त्रीलिंगी झाली आहे. लोकमान्य नगरात भाजी घेताना कुणीतरी विचारतं, “ताई, आमची रिपोर्ट आली का हो?” आणि मी मुकाट्याने “आली” म्हणते. दुसरं मत घ्यायला कुणी मुंबईला गेलं तर मला त्याचा राग येत नाही. घ्यावंच. कॅन्सरचं नाव कागदावर आल्यावर एकाच माणसाच्या डोळ्यांवर विसंबू नये, माझ्याही नाही. मला राग येतो तो त्या प्रवासाचा. ७५ मिलिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर रुंद काचेच्या पट्टीपायी दोन माणसांची चार दिवसांची मजुरी बुडते, आणि एखादी पट्टी वाटेत तडकली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

हा प्रवास टाळणारं यंत्र आता नवीन राहिलेलं नाही. स्लाइड स्कॅनर. गेली काही वर्षं कॉन्फरन्सच्या चहाच्या टेबलावर आणि यंत्र विकायला येणाऱ्यांच्या तोंडी मी एक चित्र ऐकते आहे: झाबुआ, अलीराजपूर, बडवानीत एकेक स्कॅनर बसवायचा, तिथून स्लाइड इंटरनेटने मोठ्या शहरात, पॅथॉलॉजिस्ट घरबसल्या बघणार, आदिवासी पट्ट्याचा प्रश्न मिटला. चित्र देखणं आहे. सरकारी पैसा अशा चित्रांवर लवकर भाळतो, कारण उद्‌घाटनाला फीत कापायला काहीतरी चकचकीत मिळतं. मला मात्र हे चित्र उलटं टांगलेलं दिसतं. स्कॅनर इंदूरला हवा. झाबुआत हवं ते फॉर्मॅलिन, काढलेला तुकडा नासू न देणारं द्रावण.

हे का म्हणते ते सांगण्याआधी एक कबुली. मी या यंत्राच्या विरोधात नाही, उलट त्याच्या लोभात पडलेली आहे. स्कॅनर स्लाइडचा एक फोटो काढत नाही. चौकोनाचौकोनाने किंवा पट्ट्यापट्ट्यांनी असंख्य फोटो काढून ते एकमेकांना जोडतो. चाळीसपटीच्या भिंगातून काढले तर एक पिक्सेल म्हणजे साधारण पाव मायक्रॉन. दीड सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा धरला तर एका बाजूला ६०,००० पिक्सेल, एकूण ३६० कोटी. दाबून दाबून बसवली तरी अशी फाइल एक जीबीच्या आसपास जाते. बघणाऱ्याला मात्र ती सगळी उतरवून घ्यावी लागत नाही. मोबाइलवरच्या नकाशात राजवाड्यावर बोट ठेवलं की तेवढाच भाग उघडतो, सगळा मध्य प्रदेश उतरत नाही, तसंच हे.

पडद्यावर दिसतं ते मायक्रोस्कोपइतकं खरं असतं का, हा वाद आमच्या धंद्यात बरीच वर्षं चालला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१७ मध्ये फिलिप्सच्या यंत्रणेला पहिल्या निदानासाठी परवानगी दिली. त्या यंत्रणेवर झालेल्या तुलनेत १६ पॅथॉलॉजिस्टांनी १,९९२ केसेस दोन्ही पद्धतींनी वाचल्या. मूळ निदानापासून गंभीर फरक पडण्याचं प्रमाण पडद्यावर ४.९ टक्के आणि मायक्रोस्कोपखाली ४.६ टक्के आलं. लोक यातला पहिला आकडा सांगतात, मला दुसरा जास्त बोलका वाटतो. ज्या मायक्रोस्कोपची आपण शपथ घेतो त्याखालीही शंभरात चार-पाच वेळा डॉक्टरांचं एकमत होत नाही. अवंतिकेत बसलेले ते दोन नातेवाईक वेडे नाहीत.

आमच्याकडे यंत्र आलं तेव्हा ते पारखण्याचं काम माझ्यावर आलं. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सची सूचना अशी की किमान ६० केसेस आधी एका पद्धतीने वाचायच्या, मग निदान दोन आठवडे मध्ये जाऊ द्यायचे आणि त्याच केसेस दुसऱ्या पद्धतीने वाचायच्या. दोन आठवडे कशाला, तर पहिलं वाचन डोक्यातून जावं म्हणून. माझ्या डोक्यातून ते जात नाही, ही निराळी गोष्ट. स्लाइड ओळखीच्या माणसासारखी आठवते. त्या दिवसांत मला मानेचं दुखणं बरं झाल्याचं जाणवलं आणि मनगटाचं नवं सुरू झाल्याचंही. मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरची, जाडी मोजणं सोपं झालं. जुनी आणि नवी बायोप्सी शेजारीशेजारी ठेवता आली. पण बारीक फोकसचा तो खटका हाताला मिळत नाही, जो फिरवत फिरवत आम्ही एखाद्या पेशीच्या वर-खाली जाऊन बघतो. सुईने काढलेल्या गाठीच्या पाण्याची स्लाइड जाड असते, पेशी एकावर एक चढलेल्या असतात. तिथे एकाच पातळीवरचं चित्र फसवतं. थरावर थर स्कॅन केले तर चालतं, पण फाइल त्याच पटीत फुगते. काँगो रेड या रंगाचा हिरवा झळाळ बघायचा तर ध्रुवित प्रकाश लागतो, तो साध्या स्कॅनरकडे नसतो. थोडक्यात, मायक्रोस्कोप भंगारात द्यायची वेळ आलेली नाही.

आणि एक प्रसंग. स्तनाच्या बायोप्सीची केस होती. ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेला तुकडा आधी नुसत्या डोळ्यांनी बघून केलेल्या, नोंदीत लिहिलं होतं: सुईने काढलेले पाच तुकडे. पडद्यावर चार. मी दोनदा मोजले. मग स्लाइड मागवली, खिडकीकडे धरली, तर पाचवा तिथे होता, फिकट, जवळजवळ पारदर्शक. स्कॅनर आधी सगळ्या स्लाइडचं एक ओझरतं चित्र घेतो आणि तुकडा कुठे आहे ते ठरवतो. हा तुकडा बहुतेक चरबीचाच असल्यामुळे यंत्राला तिथे रिकामी काच वाटली. पाचव्यात काही वावगं नव्हतं. पण ते मला काच हातात घेतल्यावर कळलं. आणि काच हातात घ्यावीशी वाटली ती एका टेक्निशियनने आदल्या दिवशी वहीत ‘५’ असा आकडा लिहिला म्हणून. त्याने ‘काही तुकडे’ असं लिहिलं असतं, जसं पुष्कळ ठिकाणी लिहितात, तर मी चारांवरच सही करून मोकळी झाले असते.

स्कॅनरची सगळी मदार अशी त्याच्या आधीच्या टेबलावर असते, आणि ते टेबल विकायला कुणी येत नाही.

रेडिओलॉजीशी केली जाणारी तुलना इथे घात करते. एक्स-रे डिजिटल झाला तेव्हा फिल्म गेली, डार्करूम गेली, रसायनांच्या टाक्या गेल्या. काहीतरी वाचलं आणि त्यात यंत्राचा काही खर्च निघाला. पॅथॉलॉजीत काहीच जात नाही. तुकडा तसाच फॉर्मॅलिनमधून अल्कोहोलमध्ये, मग झायलीन, मग मेण. तसाच ब्लॉक, तसाच काप करणारा मायक्रोटोम, पाण्यावर तरंगणारी ती तीन-चार मायक्रॉनची रिबन, ती अलगद उचलणारा हात, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनचा रंग, चिकटवायला डीपीएक्सचा थेंब, वर कव्हरस्लिपची पातळ काच. हे सगळं झाल्यावर स्कॅनिंग हे आणखी एक काम. इंग्लंडात लीड्सच्या रुग्णालयांनी २०१८ मध्ये सगळ्या स्लाइड स्कॅन करायला घेतल्या, त्यांनीही आधी स्लाइडच केल्या. पैसा वाचतो असं सांगून हे यंत्र कुणी विकत असेल तर त्याला विचारावं, तुमच्या यंत्रानंतर मी यातलं नेमकं काय बंद करू?

आता झाबुआकडे येते.

शरीरातून निघालेला तुकडा त्या क्षणापासून नासायला लागतो. पेशींची स्वतःचीच पाचकद्रव्यं पेशींना खायला लागतात. हे थांबवतं फॉर्मॅलिन: दहा टक्क्यांचं, आम्लपणा मारलेलं, तुकड्याच्या निदान दहापट. ते आत शिरतंही सावकाश, ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर. म्हणून अख्खा स्तन नुसता बुडवून ठेवून भागत नाही, त्याला काप द्यावे लागतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुढचं औषध ज्यावर ठरतं त्या ईआर, पीआर, हर-टू या तपासण्यांसाठी तर घड्याळ लावलेलं आहे: तुकडा निघाल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडावा, आणि तिथे ६ तासांपेक्षा कमी नाही, ७२ तासांपेक्षा जास्त नाही. ही वेळ चुकली तर तपासणी खोटं बोलू शकते. बाईला जे औषध लागू पडलं असतं तेच तिला नको म्हणून सांगितलं जातं. आणि ही चूक मग परळच्याच काय, जगातल्या कुठल्याही मायक्रोस्कोपखाली दुरुस्त होत नाही.

माझ्या टेबलावर बाहेरगावहून काय येतं? सलाईनमध्ये तरंगणारा तुकडा येतो, कारण ऑपरेशन थिएटरात हाताशी सलाईनच होतं. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेलं गर्भाशय येतं. मऊ असताना आत गेलं, फॉर्मॅलिनने कडक झालं, आता बाहेर निघेना, बाटली फोडा. लोणच्याची बरणी आली आहे, तळाशी मोहरीसकट. नावाची चिठ्ठी बाटलीला न लावता झाकणाला लावलेली असते. दोन बाटल्या शेजारी उघडल्या आणि झाकणं बदलली की एकीचा कॅन्सर दुसरीच्या नावावर. अर्जावर वय असतं, लिंग असतं, ‘गाठ’ असा एक शब्द असतो. कुठली गाठ, कधीपासून, तंबाखू खातो का, काही नाही. अशा नासलेल्या तुकड्याची स्लाइड केली की पेशींची केंद्रकं पुसट, कडा विरघळलेल्या. तिचा ३६० कोटी पिक्सेलचा फोटो काढला तर काय मिळेल? नासलेल्या तुकड्याचं अतिशय सुरेख चित्र.

तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी स्कॅनर म्हणजे आधी तिथे तुकडा रसायनांतून मेणापर्यंत नेणारा टिश्यू प्रोसेसर हवा, मायक्रोटोम हवा, रंगांची रांग हवी, आणि मुख्य म्हणजे रिबन कापता येणारा टेक्निशियन हवा. तो हात दोन-तीन वर्षांत बसतो, महिन्याच्या ट्रेनिंगने नाही. वीज गेली की प्रोसेसर मध्येच थांबतो आणि त्यातले सगळे पेशंट एकदम अडकतात. एवढं सगळं उभं करून दिवसाला स्लाइड किती होणार? वीस-पंचवीस. जे यंत्र एक स्लाइड मिनिट-दोन मिनिटांत संपवतं ते उरलेला दिवस कापड पांघरून बसेल. अशी कापडं मी सरकारी खोल्यांतून पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यावर ‘कृपया हात लावू नये’ अशी चिठ्ठीही असते.

यावर कुणी म्हणेल, झाबुआला बाटली आणि इंदूरला यंत्र, हा कुठला न्याय? आक्षेप खोटा नाही. इंदूरला सगळं मिळतं आणि बाकी माळव्या-निमाडला इंदूरचा रस्ता मिळतो, हे मी जन्मभर बघत आले आहे. पण इथे फरक असा, की नीट फॉर्मॅलिनमध्ये पडलेला तुकडा हा फार समजूतदार प्रवासी आहे. त्याला दीडशे किलोमीटर बसने आणा, एक रात्र टपरीवर ठेवा, त्याचं काही बिघडत नाही. (वर सांगितलेलं घड्याळ तेवढं सांभाळा.) फुटते ती काच, थकतो तो माणूस. तुकडा झाबुआहून इंदूरला यावा आणि पेशंट झाबुआतच राहावा, ही व्यवस्था गरिबाला जास्त न्याय देते. तिला लागतं काय? रुंद तोंडाची बाटली, भरून ठेवलेलं फॉर्मॅलिन, बाटलीच्या अंगाला चिकटणारी चिठ्ठी, तुकडा किती वाजता निघाला ते लिहायची एक रेघ, आणि आठवड्यातून तीन दिवस ठरलेल्या वेळी निघणारी गाडी. त्याची फीत कुणी कापणार नाही.

एक अपवाद मान्य करते. रक्ताची स्लाइड. तिला फॉर्मॅलिन नको, मेण नको. बोटाचा थेंब, दुसऱ्या काचेने ओढलेली पातळ फिल्म, रंग, पंधरा-वीस मिनिटांत तयार. मलेरिया आहे का, पांढऱ्या पेशी विचित्र दिसतात का, हे जिल्ह्यातल्या एकट्या डॉक्टरला कुणाला तरी दाखवावंसं वाटतं. पण त्यासाठीही कोटीची वस्तू लागत नाही. मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाइल धरून काढलेला बरा फोटो मला महिन्याकाठी कितीतरी येतात, आणि त्यावरून “हिला आजच इंदूरला पाठवा” एवढं तर नक्की सांगता येतं.

इंदूरची गोष्ट वेगळी. १९४८ मध्ये सुरू झालेलं महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं महाराजा यशवंतराव रुग्णालय, आपलं एमवाय, इथे आहे. धार, झाबुआ, खरगोन, बडवानीचा माणूस शेवटी एमवायच्याच पायऱ्या चढतो. खासगी रुग्णालयंही इथेच. तंबाखू आणि गुटख्याने सोललेली तोंडं आमच्या टेबलावर जेवढी येतात तेवढं दुसरं काही येत नाही. ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला १४ लाखांच्या वर नवे कॅन्सर होतात आणि पुरुषांत तोंडाचा पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्याच शहरातल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने तोंडातले संशयास्पद डाग प्रकाशाने ओळखायला ऑन्कोडायग्नोस्कोप नावाचं छोटं उपकरण केलं आहे. उद्या असली उपकरणं गावोगाव फिरली तर डाग जास्त सापडतील, बायोप्सी वाढतील आणि स्लाइडही. त्या इथेच कापल्या जातील. म्हणून स्कॅनर इथे.

आणि त्याचं तोंड मुंबईकडे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून चालू आहे, देशातली शेकडो केंद्रं त्यात आहेत. वाट आहे, तिच्यावरून काचेऐवजी चित्र जायला हवं. इंदूरला निदान झालं, शंका आली किंवा घरच्यांनी मागणी केली, की स्लाइड स्कॅन व्हावी आणि दुसरं मत चार दिवसांत परत यावं. सगळ्या फेऱ्या यातून थांबणार नाहीत. परळच्या डॉक्टरांना कधी आणखी रंग करून बघावे लागतात आणि त्यासाठी ब्लॉकच लागतो, चित्रातून काप निघत नाही. पण मग फक्त ब्लॉक जाईल, आणि का जातोय ते माहीत असताना जाईल. “चला, मुंबईला दाखवून येऊ” असं म्हणून सहाशे किलोमीटर जाणारे उरणार नाहीत.

यावरून निघतं की सगळ्या स्लाइड स्कॅन करण्याची हौस परवडणारी नाही आणि गरजेचीही नाही. हिशेब करून बघा. दिवसाला २०० स्लाइड, एकीला एक जीबी, वर्षाचे ३०० दिवस: ६० टेराबाइट. तेही एका वर्षाचे, आणि दुसरी प्रत न ठेवता. यंत्र घेताना सगळे भिंग बघतात, कपाट कुणी बघत नाही. अपेंडिक्स आणि हर्नियाची पिशवी यांची चित्रं जपून कुणाचं भलं होणार आहे? काच स्वतःच उत्तम दप्तर आहे, तिला वीज लागत नाही. मला ट्यूमरच्या स्लाइड हव्यात, शिकवायच्या हव्यात, दुसऱ्या मताच्या हव्यात. बाकीच्या ट्रेमध्येच बऱ्या.

आता टेंडर. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण डॉक्टर टेंडर वाचत नाहीत आणि टेंडर लिहिणाऱ्याने स्लाइड पाहिलेली नसते. सीटी स्कॅनची सीडी इंदूरला काढली तरी मुंबईत उघडते, कारण सगळ्या कंपन्यांनी डायकॉम नावाचा फाइलचा एकच साचा मान्य केला आहे. स्लाइडच्या चित्रांसाठीही डायकॉममध्ये सोय झाली ती २०१० मध्ये. तरीही स्कॅनर कंपन्यांनी आपापली कुलपं सोडली नाहीत: एकीची एसव्हीएस, दुसरीची एनडीपीआय, तिसरीची एमआरएक्सएस. काही मोफत साधनांनी यातली बरीच उघडतात, पण त्याची हमी कंपनी देत नाही. इंदूरच्या सरकारी पैशाने असं यंत्र घेतलं की जे चित्र मुंबईच्या पडद्यावर उघडत नाही, तर लोक पुन्हा अवंतिकेत. फरक एवढाच, की पिशवीत काचेऐवजी पेन ड्राइव्ह असेल. म्हणून टेंडरमध्ये भिंग किती पटीचं याच्याही आधी एक ओळ हवी: चित्र डायकॉममध्ये बाहेर काढता आलं पाहिजे, जास्तीचा पैसा न देता, करार संपल्यावरही.

दुसरी ओळ पेशंटसाठी. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे पेशंटने आपली कागदपत्रं मागितली तर डॉक्टरने ७२ तासांत द्यायची असतात. माझ्या मते स्लाइडचं चित्रही त्यातच धरायला हवं. आज नातेवाईक स्लाइड मागायला येतात तेव्हा खिडकीवरचा माणूस त्यांच्याकडे असं बघतो, जणू ते लॅबवर अविश्वास दाखवायला आले आहेत. अर्ज लिहा, मोठ्या मॅडमची सही आणा, सोमवारी या. चित्राची लिंक देताना तरी हा तोरा नको.

तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत एक प्रकरण गाजलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरने आपल्या अडीच कोटी स्लाइडच्या संग्रहाचा वापर करण्याचे एकाधिकार पेज नावाच्या कंपनीला दिले होते, आणि त्या कंपनीत रुग्णालयातल्याच काही मोठ्या लोकांचे हितसंबंध होते. तिथल्याच पॅथॉलॉजिस्टांनी आवाज उठवला. पुढे २०२१ मध्ये याच कंपनीच्या प्रोस्टेट कॅन्सर ओळखणाऱ्या प्रणालीला अमेरिकेत परवानगी मिळाली. यंत्र चांगलं असेल. माझं भांडण त्याच्या चांगुलपणाशी नाही. पण आपल्याकडे उद्या कुणीतरी येईल आणि म्हणेल, स्कॅनर फुकट घ्या, फक्त चित्रं आमच्या सर्व्हरवर ठेवा. तोंडाच्या कॅन्सरच्या इतक्या स्लाइड एका ठिकाणी मिळणाऱ्या जागा जगात थोड्या आहेत आणि माळवा त्यांतली एक, दुर्दैवाने. त्या तोंडांच्या चित्रांवर शिकलेली प्रणाली मग आपल्यालाच दर स्लाइडमागे पैसे घेऊन विकली जाईल. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण नाव-गाव पुसलं की हा कायदा कितपत लागू राहतो यावर वकील वाद घालत बसतील आणि तोवर चित्रं निघून गेलेली असतील. फुकट यंत्राचा करार सही करण्याआधी जाहीर व्हावा, एवढी साधी मागणी आहे.

सह्यांचा विषय निघालाच आहे तर तेही बोलते. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. त्यानंतरही सहीचा शिक्का ड्रॉवरमध्ये आणि डॉक्टर दुसऱ्याच गावी, हे दृश्य आपल्या धंद्याला अनोळखी नाही. माझे काही सहकारी म्हणतात, डिजिटल स्लाइडने हे आणखी बोकाळेल. एक डॉक्टर दिल्लीत बसून चाळीस लॅबना सह्या वाटेल. मला उलट वाटतं. मायक्रोस्कोपखाली मी स्लाइड बघितली की नाही याला साक्षीदार कुणी नसतो. पडद्यावर कुणी, कधी, किती वेळ स्लाइड उघडली याची नोंद ठेवता येते. अकरा सेकंदांत गर्भाशयाच्या सहा स्लाइड ‘बघणारा’ तिथे उघडा पडेल. पुष्कळ ज्येष्ठांना डिजिटलचा तिटकारा का आहे, याचं एक कारण मला इथे दिसतं. डोळ्यांचं कारण ते सांगतात.

राहिला तो हात, ज्याने ‘५’ लिहिलं. स्कॅनर आल्यावर त्याचं काम वाढलं. प्रत्येक स्लाइडला बारकोड. कडेला डीपीएक्स ओघळला असेल तर ब्लेडने खरवडायचा, नाहीतर स्लाइड यंत्रात चिकटते आणि सगळी ट्रे अडते. पेनाच्या खुणा पुसायच्या. कापात घडी पडली, बुडबुडा राहिला, की फोकस चुकतो आणि पुन्हा स्कॅन. पूर्वी अशी घडी आम्ही बोटाने बारीक फोकस फिरवून सांभाळून घ्यायचो, यंत्र सांभाळून घेत नाही. म्हणजे चित्रावर जाण्याचा खरा भार काप करणाऱ्यावर पडला. आणि त्याची नोकरी? स्कॅनरला पाच वर्षांचा देखभाल करार असतो, मायक्रोटोमवरच्या मुलाला अकरा महिन्यांचा. हात बसत आला की तो दुसरीकडे जास्त पगारावर निघून जातो, आणि त्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. स्कॅनरच्या मंजुरीचा प्रस्ताव माझ्या हाताने लिहायचा झाला तर त्यात पहिली मागणी दोन कायम टेक्निशियनची असेल, दुसरी झाबुआ-अलीराजपूरच्या बाटल्यांची, आणि यंत्राचं नाव तिसऱ्या पानावर येईल.

हे सगळं मनात घोळत असताना गेल्या आठवड्यात अलीराजपूरकडच्या एका सर्जनकडून बाटली आली. त्याच्याशी मी दोन वर्षं फोनवर भांडते आहे. रुंद तोंडाची होती. चिठ्ठी अंगाला, झाकणाला नाही. तिच्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं, ‘निकाला: ११.४०, डाला: ११.५५’. अर्जावर ओळभर इतिहास, तंबाखू अठरा वर्षं, डावा गाल. झाकण उघडलं तर फॉर्मॅलिन काठोकाठ. त्याच्या वाफेने डोळे चुरचुरले, नाकातून पाणी आलं, आणि शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, खिडकी उघडू?” मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ.